एका भिंतीआड दोन रांगा



व्याख्यानमालेच्या आयोजकांनी विषयाची मोकळीक दिली तेव्हा मी महासाथीच्या काळातल्या तुरुंगांचा विषय मागून घेतला. करोना सरला, आता हे कशाला उकरायचं, असं काहींना वाटेल. पण साथ ओसरली की तिच्या फाइली कपाटात जातात आणि पुढची साथ आली की घाईघाईनं त्याच फाइली काढून त्यांच्यावरून नवे आदेश लिहिले जातात. लस आधी कोणाला आणि नंतर कोणाला हे साथ नसताना शांतपणे ठरवता येतं. साथीच्या ऐन भरात ते ठरवणाऱ्यांना उसंत नसते. म्हणून आज.

भारतात करोनाची लस १६ जानेवारी २०२१ला सुरू झाली. पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता, आणि तो योग्यच होता. २ फेब्रुवारीपासून आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांना लस मिळू लागली. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या गटात पोलीस, सैन्यदलं, होमगार्ड, पालिका आणि महसूल कर्मचारी यांच्याबरोबर कारागृहांचे कर्मचारीही स्पष्टपणे होते. कैदी मात्र त्या गटात नव्हते. कैद्याची पाळी बाहेरच्या कुठल्याही नागरिकाप्रमाणे वयानुसार येणार होती. १ मार्चला साठीच्या पुढचे आणि पंचेचाळिशीच्या पुढचे सहव्याधी असलेले, १ एप्रिलला पंचेचाळिशीच्या पुढचे सगळे, १ मेला अठरा वर्षांवरचे.

बराकीच्या दाराशी पहारा देणाऱ्या तिशीतल्या शिपायाला फेब्रुवारीत लस घेता येत होती. दाराच्या आतल्या तिशीतल्या कैद्याला मे महिन्यापर्यंत थांबायचं होतं. मधल्या तीन महिन्यांत महाराष्ट्रात दुसरी लाट आली. मे उजाडला तेव्हा लसच पुरेना. १२ मेच्या सुमारास राज्याला १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवून तो साठा पंचेचाळिशीच्या पुढच्यांच्या दुसऱ्या मात्रेकडे वळवावा लागला. आणि आपल्या तुरुंगांतले बहुसंख्य कैदी पन्नाशीच्या आतले आहेत.

वयानुसार रांग लावण्यामागचा हिशेब साधा होता. म्हाताऱ्या माणसाला या आजारानं मृत्यू येण्याची शक्यता जास्त. तरुण माणूस काही महिने कळ काढू शकतो, कारण तो घरात बसेल, मास्क लावेल, गर्दी टाळेल, ताप आला तर वेगळ्या खोलीत झोपेल. या हिशेबात तरुणाच्या हाती स्वतःचा बचाव आहे हे गृहीत धरलेलं आहे. तुरुंगातल्या तरुणाच्या हाती तो नाही. त्यानं कुठे झोपायचं, कोणाच्या शेजारी झोपायचं, कोणत्या नळावर हात धुवायचे हे दुसरा कोणीतरी ठरवतो. शेजारचा रात्रभर खोकत असला तरी कुलूप उघडेपर्यंत त्याला बराकीबाहेर पाऊल टाकता येत नाही. म्हणून बाहेरच्या तरुणासाठी जो नियम न्याय्य होता, तोच आतल्या तरुणाला लावला की अन्याय होतो. माझं आजचं सगळं म्हणणं याभोवतीच आहे. सरकारनं ज्याच्या हातून बचावाची साधनं काढून घेतली, त्याच्या बचावाची जबाबदारी सरकारवर येते, आणि ती त्याच्या वयावर अवलंबून नसते.

कर्मचाऱ्यांना आधी लस दिली याबद्दल माझी तक्रार नाही. एप्रिल २०२० मध्ये मुंबई मध्यवर्ती म्हणजे आर्थर रोड, भायखळा, ठाणे, कल्याण, येरवडा ही कारागृहं पूर्ण बंद करण्यात आली. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. याचा अर्थ असा की शिपाई, हवालदार, जेलर हेही आठवडेच्या आठवडे आत राहिले. कुटुंबं भिंतीपलीकडच्या वसाहतीत, हे अलीकडे. डॉक्टरांसाठी आपण थाळ्या वाजवल्या, पोलिसांवर फुलं उधळली. तुरुंगाच्या शिपायाची त्या दिवसांत कोणाला फारशी आठवण झाली नाही. तो दिसतच नाही. त्याची नोकरी आपण नजरेआड केलेल्या जागेतली आहे, म्हणून तोही नजरेआड जातो. रुग्णालयात भरती झालेल्या कैद्याच्या उशाशीही पहारा लागतो. कैदी न्यायालयात जातो तेव्हा पोलिसांची तुकडी बरोबर जाते. तुरुंगातला संसर्ग या सगळ्यांच्या घरी पोचतो.

मे २०२०च्या पहिल्या आठवड्यात आर्थर रोडमध्ये काय घडलं ते आठवा. सुमारे आठशे कैद्यांसाठी असलेल्या त्या तुरुंगात तेव्हा अडीच हजारांहून जास्त माणसं होती. कडेकोट टाळेबंदी असूनही विषाणू आत शिरला. पाहता पाहता दीडशेहून अधिक कैदी आणि २६ कर्मचारी बाधित निघाले. कैदी आणि कर्मचारी हे आकडे वेगवेगळे छापले जातात, पण आजार एकच होता आणि जागाही एकच होती. हे मे २०२० मध्ये दिसलं होतं. तरी काही महिन्यांनी लसीची यादी तयार झाली तेव्हा त्याच जागेतल्या माणसांच्या दोन याद्या झाल्या.

गर्दी कमी करण्याचे प्रयत्न झाले हे नोंदवायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं १६ मार्च २०२०लाच, देशव्यापी टाळेबंदीच्या आधी, तुरुंगांतल्या संसर्गाची स्वतःहून दखल घेतली. २३ मार्चला प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं. महाराष्ट्रात न्यायमूर्ती ए. ए. सय्यद यांच्या अध्यक्षतेखाली अशी समिती झाली. राज्यातल्या ३५,२३९ कैद्यांपैकी निम्म्यांना तात्पुरत्या जामिनावर किंवा पॅरोलवर सोडावं असं तिनं मे महिन्यात ठरवलं. पॅरोलचे नियम ८ मे २०२०ला बदलून त्यात आकस्मिक पॅरोलची तरतूद घातली गेली. शाळा आणि वसतिगृहांत तात्पुरती कारागृहं उघडली गेली. पण मोक्का, यूएपीए, अमली पदार्थ अशा कायद्यांखालचे कैदी या सवलतीतून वगळले होते. त्यांना सोडावं की नाही यावर दोन मतं असू शकतात. पण ज्यांना सोडायचं नाही असं आपण ठरवलं, त्यांच्यापर्यंत लस सगळ्यांत आधी पोचायला हवी होती, कारण त्यांच्यासाठी दुसरा कुठलाच उपाय उरला नव्हता.

आता थोडं मागे जाऊ, कारण लस आणि तुरुंग यांचं नातं मुंबईत फार जुनं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला. सरकारनं सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईला पाठवलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढची पायरी होती माणसांच्या मोठ्या गटावर पडताळणी. जानेवारीच्या अखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि हाफकिन तिथे पोचले. कैद्यांपैकी काहींनी लस टोचून घ्यायची तयारी दाखवली, बाकीचे न टोचता राहिले. ज्यांनी घेतली त्यांच्यात आजार तुरळक राहिला, न घेतलेल्यांत माणसं दगावली. या पडताळणीनंतर ती लस शहरात आणि पुढे देशभर गेली. त्याआधी १८९४ मध्ये हाफकिन यांनी पटकीची लस गया इथल्या तुरुंगातही वापरून पाहिली होती.

हाफकिन यांच्या थोरवीबद्दल मला शंका नाही. परळची संस्था त्यांच्या नावानं उभी आहे आणि ते नाव तिला शोभतं. तुरुंगच का निवडला, याचं उत्तर वैद्यकशास्त्रात होतं. सगळे एकाच छपराखाली, एकाच शिध्यावर, सगळ्यांची रोजची गिनती, कोण आजारी पडलं ते लगेच कळणार. तुलना करायला याहून सोयीची जागा नव्हती. ज्या कारणांनी तुरुंग प्रयोगाला सोयीचा होता, नेमक्या त्याच कारणांनी तो लसीकरणालाही सोयीचा आहे. प्रत्येकाचं नाव पटावर आहे, वैद्यकीय अधिकारी आहे, कोणाला रजा काढून केंद्रावर यायचं नाही. एका दिवसात एक कारागृह पूर्ण करता येतं. तरी लस सिद्ध व्हायची होती तेव्हा कैदी पुढे होते, आणि सिद्ध झालेली लस वाटायची वेळ आली तेव्हा ते मागे राहिले. अमेरिकेतही असं घडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांना हिवतापाची लागण करून औषधं तपासली गेली. त्या औषधांचा लाभ जगानं घेतला.

'गुन्हेगारांना आधी लस?' हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. घरात म्हातारी आई आहे, तिला नोंदणीत जागा मिळत नाही, आणि दरोडेखोराला लस मिळते, हे ऐकून माणसाच्या पोटात तुटतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या आरोग्य खात्यानं डिसेंबर २०२०च्या आराखड्यात कैद्यांना बऱ्याच वरची जागा दिली होती. तिथले गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी जाहीरपणे सांगितलं की गुन्हा न केलेल्यांच्या आधी लस कैद्यांना मिळणार नाही, आणि आराखडा बदलला. कॅनडात जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय तुरुंगांतल्या केवळ वृद्ध आणि आजारी अशा सुमारे सहाशे कैद्यांना लस द्यायचं ठरलं, तर विरोधी पक्षनेत्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला.

या प्रश्नाला माझं उत्तर कायद्याच्या अंगानं आहे. न्यायाधीश शिक्षा देतो ती अमुक वर्षं स्वातंत्र्य काढून घेण्याची. संसर्गाची शिक्षा कोणी सुनावत नाही. सुनील बात्रा खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क संपत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांपैकी चोविसावा नियम सांगतो की कैद्याला समाजात उपलब्ध असते त्याच दर्जाची आरोग्यसेवा मोफत आणि भेदभावाविना मिळाली पाहिजे. पण कायद्याबरोबर एक आकडाही ऐका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,५४,०३४ माणसं होती आणि क्षमता होती ४,२५,६०९ची. त्यांतले ४,२७,१६५ कच्चे कैदी होते, म्हणजे शेकडा ७७. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. तळोजा कारागृहातून रुग्णालयात नेलेले चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ला गेले तेव्हा त्यांचा खटला सुरूही झालेला नव्हता. 'गुन्हेगारांना आधी?' असं विचारताना चारांतल्या तिघांना आपण न्यायालयाच्या आधीच दोषी धरतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) प्रमाणे या कच्च्या कैद्यांना मतही देता येत नाही. लसीच्या यादीसाठी ज्यांच्या मागे आमदार, खासदार, संघटना, वर्तमानपत्र यांपैकी कोणी नव्हतं, असे हे लोक.

दुसरं एक उत्तर नेहमी दिलं जातं. तुरुंगात साथ पसरली तर ती बाहेर येईल, रुग्णालयांवर ताण येईल, म्हणून कैद्यांना लस द्या. ते खरं आहे. अमेरिकेतल्या सॅन क्वेंटिन तुरुंगाचं उदाहरण डोळ्यांत भरणारं आहे. ३० मे २०२०ला कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या साथग्रस्त तुरुंगातून शंभराहून अधिक कैदी सॅन क्वेंटिनला हलवले गेले. त्यांच्यातल्या अनेकांच्या चाचण्या काही आठवडे जुन्या होत्या. उन्हाळा संपेपर्यंत सॅन क्वेंटिनमधले दोन हजारांहून अधिक कैदी बाधित झाले होते. २८ कैदी आणि एक कर्मचारी दगावले. तरीही या युक्तिवादावर मी भिस्त ठेवत नाही. त्यात कैदी हा केवळ रोग वाहून नेणारा ठरतो, आणि ज्या दिवशी तो बाहेरच्यांना धोकादायक राहणार नाही त्या दिवशी त्याची लस काढून घ्यायला आपण मोकळे होतो. जन्मठेपेच्या कैद्याचा बाहेरच्या जगाला काहीच उपद्रव नसेल, तरी लसीवर त्याचा हक्क तितकाच आहे.

अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्यात अगदी आपल्यासारखं झालं होतं. तिथे तुरुंग कर्मचारी पहिल्या टप्प्यात होते आणि कैदी नव्हते. २ फेब्रुवारी २०२१ला, म्हणजे आपल्याकडे आघाडीच्या कर्मचाऱ्यांची लस सुरू झाली त्याच दिवशी, तिथल्या संघराज्यीय न्यायालयाच्या न्यायाधीश स्टेसी बेकरमन यांनी राज्याच्या तुरुंगांतल्या सगळ्या कैद्यांना लस देऊ करण्याचा आदेश दिला. एकाच जागी, एकाच धोक्यात असलेल्या दोन गटांतला एक घ्यायचा आणि दुसरा सोडायचा, हे त्यांना पटलं नाही.

आपल्याकडेही न्यायालयानंच विचारलं. एप्रिल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या तुरुंगांतल्या वाढत्या संसर्गाची स्वतःहून दखल घेतली. सुनावणीत एक साधी अडचण पुढे आली. नोंदणीला ओळखपत्र लागायचं आणि पुष्कळ कैद्यांकडे आधार कार्ड नव्हतं. ज्याच्या बोटांचे ठसे, छायाचित्र, पत्ता, खटल्याचे कागद सगळं सरकारकडे आहे, त्याची ओळख सरकारला पटत नव्हती. ६ मे २०२१ला केंद्रानं ओळखपत्र नसलेल्यांसाठी कार्यपद्धती काढली. तिच्यात भटके लोक, साधू, वृद्धाश्रमातले, मनोरुग्णालयांतले आणि तुरुंगातले, सगळे आले. कागद निघाला हे चांगलं झालं. पण लस सुरू होऊन तोवर साडेतीन महिने लोटले होते, आणि दुसऱ्या लाटेचा सर्वांत वाईट काळ त्याच महिन्यांत होता.

पहिल्या मात्रेहून दुसरी मात्रा अवघड होती, आणि याकडे फार कमी लोकांनी लक्ष दिलं. कोविशिल्डच्या दोन मात्रांमधलं अंतर सुरुवातीला चार ते सहा आठवडे होतं. मार्चमध्ये ते सहा ते आठ झालं आणि १३ मेला बारा ते सोळा आठवडे. तीन-चार महिन्यांत कच्च्या कैद्याचं काय काय होतं ते वकिलांना विचारा. कोणाला जामीन मिळतो, कोणाची कल्याणहून तळोज्याला बदली होते, कोणी नव्यानं येतो. लसीच्या नोंदणीच्या कोविन पोर्टलला मोबाइल नंबर लागायचा. कैद्याकडे मोबाइल नाही आणि कारागृहाच्या नंबरावर नोंद केली तर तो सुटल्यावर संदेश कारागृहालाच जाणार. सुटलेला माणूस रात्री गेटबाहेर उभा असतो तेव्हा त्याच्या हातात पिशवी असते, थोडे पैसे असतात. पहिली मात्रा कधी घेतली, कोणती घेतली, पुढची कुठे मिळेल याची चिठ्ठी त्याच्या हातात देणं हा पाच मिनिटांचा उद्योग आहे. तो सुटकेच्या कागदपत्रांचाच भाग असायला हवा. हे फक्त करोनापुरतं नाही. काविळीच्या बी प्रकाराच्या लशीच्या तीन मात्रा सहा महिन्यांत घ्याव्या लागतात. तुरुंगात ही लस द्यायची म्हटली की नेमकी हीच अडचण पुन्हा येते.

एक गोष्ट मी आग्रहानं सांगतो, कारण कैद्यांची बाजू घेणारेही ती विसरतात. लस मिळण्याचा हक्क आणि लस नाकारण्याचा हक्क दोन्ही तुरुंगात जपावे लागतात. जिथे उठण्यापासून झोपण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट हुकमानं होते, तिथे 'घ्यायची का?' हा प्रश्नही हुकमासारखा ऐकू येतो. भायखळ्यात १८९७ मध्ये दिलेल्या संमतीला किती अर्थ होता, हे आज ठरवता येणार नाही. पण घरच्यांची मुलाखत मिळेल, पॅरोल मिळेल अशी आशा किंवा मिळणार नाही अशी भीती लसीला जोडू नये, एवढं आपण नक्की ठरवू शकतो. कैद्याला समजावून सांगायला त्याच्या भाषेतला डॉक्टर हवा. त्याच बराकीतला जुना, सगळ्यांनी मानलेला कैदी आधी दंड पुढे करतो तेव्हा अधीक्षकांच्या दहा सूचनांपेक्षा जास्त काम होतं. कर्मचाऱ्यांनाही हीच समजूत लागते. कॅलिफोर्नियात पुष्कळ तुरुंग कर्मचाऱ्यांनी लस घेतली नाही, सक्तीचा वाद न्यायालयात गेला आणि रेंगाळला. शिपायाला आधी लस देऊ केली एवढ्यानं आतला कैदी सुरक्षित झाला, हे समीकरण तिथे साफ कोसळलं.

आणि मुलं. आपल्या कायद्यानं सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकतं. सप्टेंबर २०२१ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात संसर्ग झाला तेव्हा बाधितांमध्ये अशी लहान मुलंही होती. त्या वेळी देशात इतक्या लहान मुलांना करोनाची लसच दिली जात नव्हती. त्या लेकरांचा बचाव त्यांच्या आया, शेजारच्या बायका आणि पहाऱ्यावरच्या महिला शिपाई यांच्या दंडांतून जाणार होता. या तिघींना वेगवेगळ्या रांगांत उभं करून त्या मुलांचं रक्षण कसं होणार होतं?

काय करावं, ते मी थोडक्यात मांडतो. तुरुंग हा राज्याचा विषय आहे, घटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीतली चौथी नोंद. म्हणून दिल्लीची वाट न बघता महाराष्ट्राला आपल्यापुरतं हे आजच ठरवता येईल. पुढच्या महासाथीत लस आली की कारागृहाचा पट हीच यादी धरावी. अधीक्षक, जेलर, शिपाई, सफाई कामगार, स्वयंपाकाचे कैदी, कच्चे, पक्के, आयांबरोबरची मुलं यांची एकच यादी, आणि ज्या दिवशी कर्मचाऱ्यांसाठी पथक येईल त्याच दिवशी ते बराकीतही जाईल. वसाहतीतली कर्मचाऱ्यांची कुटुंबं या यादीला जोडावीत. कारागृहांतली डॉक्टरांची पदं रिकामी ठेवू नयेत, कारण लस टोचायला नर्स मिळाली तरी लसीबद्दल शंका विचारायला डॉक्टरच लागतो.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली लसीकरणाचं जिल्हा कृतिदल असतं. त्यात कारागृह अधीक्षकाला कायमची जागा द्यावी, आमंत्रित म्हणून नव्हे तर सदस्य म्हणून. कारागृहांना भेट देणारी अभ्यागत मंडळं कायद्यात आहेत. पुष्कळ ठिकाणी अशासकीय अभ्यागतांच्या नेमणुका वर्षानुवर्षं रखडतात. या सभागृहात डॉक्टर आहेत, वकील आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या मंडळावर कोण आहे हे विचारा, जागा रिकामी असेल तर अर्ज करा, आणि आत गेलात की लसीची नोंदवही मागा.